अपस्मार नसलेले झटके का टिकून राहतात?

माणूस अचानक कोसळतो, हातपाय झाडतो, हाक मारली तर ओ देत नाही आणि काही मिनिटांनी थकून, गोंधळून भानावर येतो. पाहणाऱ्याला ही फिट वाटते आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही तसेच वाटते. पण त्याच क्षणी मेंदूचा विद्युत आलेख (इईजी) काढला, तर अपस्माराच्या झटक्यात दिसणारी खळबळ त्यात आढळत नाही. आजचे वैद्यकशास्त्र यांना फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणते. लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण लाखामागे २ ते ३३ असावे असा अंदाज आहे. हा आकडा लहान वाटेल, पण मोठ्या अपस्मार केंद्रांत व्हिडिओ-इईजीसाठी, म्हणजे झटक्याचे चित्रण आणि आलेख एकाच वेळी टिपण्यासाठी, दाखल होणाऱ्यांपैकी २० ते ४० टक्के रुग्ण अखेर याच गटात निघतात. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. असा विकार असतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. काहींचे झटके निदानानंतर थांबतात आणि काहींचे वर्षानुवर्षे चालू राहतात, ते का, हा प्रश्न मात्र उरला आहे. जर्मनीत बॉन येथे मार्कुस रॉयबर आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांचा पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष मांडले. विकार सुरू होऊन सरासरी जवळपास १२ वर्षे आणि निदान होऊन ४ वर्षे लोटल्यावरही ७१ टक्के रुग्णांना झटके येतच होते, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतःच्या पायावर उभे नव्हते. निदान झाले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या कोणालाही हा आकडा अस्वस्थ करायला हवा.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रुग्णाच्या भूतकाळात शोधले जाते. लहानपणी काय घडले, लग्नात काय बिघडले, कोणता धक्का बसला, याचा शोध सुरू होतो आणि ते सापडले की कोडे सुटल्यासारखे वाटते. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर मला वेगळेच चित्र दिसते. एखाद्याला हे झटके येण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी, पहिला झटका आणणारे निमित्त, आणि झटके टिकवून धरणारी कारणे हे तीन निराळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ झाली की उपचाराचा नेम चुकतो. टिकवून धरणारी कारणे बहुतांशी पहिल्या झटक्यानंतर घडतात: निदानाला होणारा विलंब, चुकीच्या गोळ्या, निदान सांगण्याची पद्धत, उपचाराविना राहिलेले नैराश्य आणि चिंता, झटक्याच्या भीतीने आक्रसत गेलेले आयुष्य. यातली कितीतरी कारणे रुग्णाच्या हातात नसून आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या आणि घरादाराच्या हातात आहेत. या विकाराकडे पाहताना जी निराशा बाळगली जाते, ती म्हणूनच मला अनाठायी वाटते.

भूतकाळाचे वजन कमी लेखायचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी या झटक्यांची बारकाईने वर्णने केली. पुढे पिएर जाने यांनी मनाच्या विघटनाची कल्पना मांडली आणि शार्को यांच्याकडे काही महिने राहून गेलेल्या फ्रॉइड यांनी दडपलेल्या आठवणींची. तेव्हापासून आघात हेच मूळ, ही समजूत घट्ट झाली. ती कितपत खरी आहे, हे २०१८ साली लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणातून कळते. त्यात ३४ अभ्यासांतले १,४०५ रुग्ण होते. त्यांना केवळ झटकेच नव्हे, तर फंक्शनल गटातले निरनिराळे विकार होते. बालपणातली भावनिक हेळसांड त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांनी सांगितली, तर तुलनेच्या गटात २० टक्क्यांनी. शारीरिक छळाचे प्रमाण ३० विरुद्ध १२ टक्के होते आणि लैंगिक अत्याचाराचे २४ विरुद्ध १०. म्हणजे संबंध आहे, आणि तो ठळक आहे. लैंगिक अत्याचारापेक्षा हेळसांडीचा संबंध अधिक बळकट दिसतो, हे तर आपल्या नेहमीच्या गृहीतकाला छेद देणारे आहे. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. बहुसंख्य रुग्णांनी लैंगिक अत्याचार सांगितलेला नाही, आणि असे अनुभव सोसलेल्या बहुसंख्य माणसांना हे झटके कधीच येत नाहीत. २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली. तिने निदानासाठी मानसिक ताणाचा पुरावा असलाच पाहिजे, ही अट काढून टाकली ती योग्यच होती. त्या अटीमुळे डॉक्टर रुग्णाच्या आयुष्यात जखम शोधत बसत आणि ती सापडली नाही की रुग्ण लपवतो आहे असे मानत. भूतकाळ बदलता येत नाही, हीदेखील साधी गोष्ट आहे. झटके टिकण्याचे कारण फक्त तिथेच असते तर कोणाचेच झटके थांबले नसते.

झटका स्वतःला कसा टिकवतो, हे समजायला गेल्या दोन दशकांतले मानसशास्त्रीय काम उपयोगी पडते. लंडनच्या लॉरा गोल्डस्टीन आणि जॉन मेलर्स यांनी २००६ साली दाखवले, की या रुग्णांना झटक्याच्या वेळी छाती धडधडणे, श्वास कोंडणे, घाम फुटणे, मुंग्या येणे अशी तीव्र भयाची शारीरिक लक्षणे अपस्माराच्या रुग्णांपेक्षा जास्त जाणवतात. पण मनाला भीती वाटल्याचे ते त्या मानाने सांगत नाहीत. शरीर घाबरते आणि मनाला त्याचा पत्ता लागत नाही. रिचर्ड ब्राउन आणि रॉयबर यांच्या २०१६ च्या मांडणीनुसार झटक्याचा एक साचा मेंदूत तयार झालेला असतो. शरीरात चलबिचल सुरू झाली आणि तिला आवर घालण्याची क्षमता त्या क्षणी अपुरी पडली, की तो साचा आपोआप चालू होतो. झटक्यानंतर ती असह्य चलबिचल ओसरते, म्हणून साचा आणखी पक्का होतो. याच्या जोडीला टाळाटाळ येते. बसमध्ये झटका आला म्हणून बस बंद, बाजारात आला म्हणून बाजार बंद, मग कॉलेज, मग नोकरी. घरचे माणूस सावलीसारखे मागे फिरू लागते, न्हाणीघराची कडी लावू देत नाही. हे सारे प्रेमापोटी होते. पण शरीरातल्या प्रत्येक बारीक हालचालीवर रुग्णाचे आणि सगळ्या घराचे लक्ष खिळले, की झटक्याला सुरू व्हायला आणखी एक निमित्त मिळते.

आता विलंबाकडे वळू, कारण मला सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची येते. रॉयबर यांनीच २००२ साली ३१३ रुग्णांचा हिशेब मांडला होता. पहिल्या झटक्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी ७.२ वर्षे गेली होती. या काळात बहुतेकांना अपस्मार म्हणून गोळ्या दिल्या जातात. सुरुवात पुष्कळदा साध्या इईजीच्या अतिवाचनातून होते. निरोगी माणसाच्या आलेखातही येणारे काही टोकदार चढउतार अपस्माराचे समजले जातात आणि ते नाव एकदा कागदावर चढले की पुढचा डॉक्टर त्याला हात लावत नाही. एका गोळीने झटके थांबले नाहीत म्हणून दुसरी, मग तिसरी. वॅलप्रोएट ही आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी गोळी गरोदरपणात घेतली गेल्यास सुमारे १० टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळते, शिवाय बौद्धिक वाढीवर परिणाम होतो तो वेगळा. रुग्णांत तरुण स्त्रियाच अधिक असताना, नसलेल्या आजारासाठी हा धोका पत्करला जातो. लांबलेला झटका आला तर प्रकरण अतिदक्षता विभागापर्यंत जाते. सतत चालू राहणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांवर कोणते औषध द्यावे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सामील झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांचे झटके अपस्माराचे नव्हतेच, असे नंतर ठरले. अशा रुग्णाला गुंगीची इंजेक्शने मिळतात, घशात नळी पडते, व्हेंटिलेटर लागतो. असा अनुभव घेऊन घरी परतलेल्या माणसाला आपल्या मेंदूत काहीतरी भयंकर बिघाड आहे असे वाटले, तर त्यात त्याची चूक काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. विलंब आणि वाईट परिणाम एकत्र दिसतात म्हणजे विलंबामुळेच परिणाम वाईट होतो, असे सिद्ध होत नाही. ज्यांचा विकार मुळातच चिवट, ज्यांना इतर दुखणी जास्त, त्यांचे निदान उशिरा होत असेल आणि तेच पुढे बरेही होत नसतील. काही पाठपुराव्यांत विलंबाचा स्वतंत्र परिणाम दिसतो, काहींत दिसत नाही. आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने निष्कर्ष फारसा हलत नाही. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये हे झटके थांबण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा बरेच चांगले असते, असे एकामागून एक अभ्यासांत आढळले आहे. बॉनच्या अभ्यासातही कमी वयात सुरुवात आणि कमी वयात निदान झालेले, अधिक शिकलेले, कमी नाट्यमय झटके असलेले आणि इतर शारीरिक तक्रारी कमी असलेले रुग्ण पुढे बरे राहिले. शिवाय विलंबाने होणारे औषधांचे, नोकरीचे आणि पैशाचे नुकसान तर कोणत्याही आकडेशास्त्राने पुसले जात नाही.

निदान कसे सांगितले जाते, हा या साऱ्या प्रश्नाचा कणा आहे. ग्लासगो येथील २६० रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदान सांगितल्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तपासणीला आलेल्या १८७ जणांपैकी ३८ टक्क्यांचे झटके थांबले होते. उलट सुमारे २३ टक्क्यांचे झटके ठळकपणे वाढले होते. एकच निदान काहींना मोकळे करते आणि काहींना खचवते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका ठरीव पद्धतीची पडताळणी झाली. झटके खरे आहेत, त्यांचे नाव हे, ते असे होतात, गोळ्यांनी बरे होत नाहीत पण बरे होऊ शकतात, एवढे मुद्दे शांतपणे सांगायचे आणि लिहूनही द्यायचे. तीन महिन्यांनी १४ टक्के रुग्ण झटक्यांतून मुक्त होते आणि ६३ टक्क्यांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. तुलनेचा गट नसलेला हा लहान अभ्यास आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही. पण ज्याला पैसा लागत नाही आणि यंत्र लागत नाही, असा दुसरा कोणता उपाय या विकारात इतक्या लवकर काही देतो? आपल्या कॅज्युअल्टीत मात्र असा रुग्ण आला की त्याच्या नाकाशी अमोनिया धरला जातो, छातीच्या हाडावर बोटे दाबली जातात, आणि नातेवाइकांना ‘काही झालेले नाही, नाटक आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. त्या एका वाक्याने डॉक्टरवरचा विश्वास जातो, घरात रुग्णाची किंमत जाते, आणि खरे काय ते सांगणारे दुसरे दार शोधायला कुटुंब बाहेर पडते.

नाटक असतेच की काही वेळा, असे म्हणणारे मला ठाऊक आहेत. मुद्दाम सोंग घेणारी माणसे असतात. ती प्रत्येक आजारात असतात. पण या रुग्णांचा सर्वसाधारण अनुभव सोंगाचा नाही. झटका डॉक्टरांसमोर येतो तसा एकांतात येतो, त्यात जखमा होतात, जीभही चावली जाऊ शकते. आक्षेप घेणाऱ्यांचा आवडता पुरावा आर्थिक लाभाचा असतो. ग्लासगोच्या अभ्यासात सरकारी भत्ता न घेणाऱ्यांचे झटके थांबण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती, हे खरे आहे. त्याच अभ्यासात पुरुषांचे झटके स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात थांबले, आणि नैराश्य किंवा चिंतेचा इतिहास नसलेल्यांचेही. भत्ता घेणारा माणूस बहुधा जास्त आजारी, जास्त काळ बेकार आणि जास्त एकाकी असतो. भत्ता ही त्याच्या अवस्थेची खूण आहे, तिचे कारण असेलच असे नाही. शिवाय असा भत्ता आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना मिळतच नाही, तरी झटके टिकतातच. घरातल्या सुनेला झटक्यामुळे दोन दिवस विश्रांती मिळाली, हा लाभ म्हणून मोजायचा असेल, तर एरवी तिला तेवढीही मिळत नाही ही गोष्ट आधी मोजली पाहिजे.

नैराश्य आणि चिंता यांचे स्थान मला याहून महत्त्वाचे वाटते. या रुग्णांचे जीवनमान झटक्यांच्या संख्येपेक्षा नैराश्याशी अधिक जुळलेले असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. रॉयबर यांच्या २००५ च्या निबंधात दिसले, की झटके थांबलेल्यांपैकीही बरेच जण कामावर परतलेले नव्हते. तेव्हा झटक्यांची मोजदाद हेच यशाचे एकमेव माप धरले, तर आजार टिकवणाऱ्या गोष्टी नजरेआड होतात. येथे आणखी एक सावधगिरी हवी. २०१८ च्या एका संकलनानुसार अशा झटक्यांच्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांना अपस्मारही असतो. त्यांच्या बाबतीत सगळ्या गोळ्या धाडकन बंद करणे धोक्याचे. कोणता झटका कोणता, हे घरच्यांना ओळखायला शिकवणे हाच तेथे उपचाराचा मोठा भाग ठरतो. आणि हे झटके जिवावर बेतत नाहीत, म्हणून चालढकल करणाऱ्यांसाठी मेलबर्नचा आकडा: व्हिडिओ-इईजीने निदान झालेल्या ६७४ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या अडीच पट आढळले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे.

उपचारांविषयी सर्वांत मोठा आक्षेप कोड्स या ब्रिटिश चाचणीवरून घेतला जातो. त्यात ३६८ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीची व्यवस्थित वैद्यकीय देखरेख, तर निम्म्यांना तिच्यासोबत झटक्यांसाठी खास बेतलेली वर्तन-विचार उपचारपद्धती मिळाली. वर्षभराने मासिक झटक्यांची मध्यक संख्या उपचार गटात ४ आणि दुसऱ्या गटात ७ होती, पण हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मुख्य उद्दिष्ट हुकले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मात्र १६ दुय्यम निकषांपैकी ९ मध्ये उपचार गट सरस ठरला. झटक्यांविना गेलेला सलग काळ लांबला, झटक्यांचा जाच कमी झाला, रोजचे जगणे आणि लोकांत वावरणे सुधारले. मुख्य म्हणजे तुलनेचा गट उपेक्षित नव्हता. त्यांनाही निदान समजावून सांगितलेले होते, माहितीपत्रक दिले होते, डॉक्टर त्यांना भेटत होते. समजावून सांगण्याचा लाभ दोन्हीकडे पोचल्यामुळे फरक आकसला असावा, असे माझे मत आहे. ते सिद्ध झालेले नाही, पण पुराव्याशी जुळणारे आहे. मानसोपचार निरुपयोगी आहे, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. सगळ्यांना एकच साचा पुरत नाही, एवढेच तिने दाखवले.

आपल्याकडे हे कसे जमायचे, ही शंका रास्त आहे. व्हिडिओ-इईजी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेला, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ एखादाच, आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तेवढाही नाही. पण आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या गटाने २०१३ सालीच निदानाच्या चढत्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. साक्षीदाराचे वर्णन आणि साधा इईजी एवढ्यावर ‘शक्य’, डॉक्टरने झटका प्रत्यक्ष किंवा चित्रफितीत पाहिला तर ‘संभाव्य’, आणि अनुभवी तज्ज्ञाने पाहिला तर त्याहून पुढची खात्री. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोबाइलवर टिपलेले झटके पाहून तज्ज्ञांनी केलेले निदान सुमारे ८९ टक्के वेळा बरोबर ठरले. मोबाइल आज जवळपास प्रत्येक घरात आहे. झटक्यात डोळे मिटलेले की उघडे, एवढे टिपले तरी मोठी मदत होते: २००६ च्या एका अभ्यासात अपस्मार नसलेल्या झटक्यांच्या ५२ रुग्णांपैकी ५० जणांचे डोळे मिटलेले होते, तर अपस्माराच्या १५६ पैकी १५२ जणांचे उघडे. अर्थात एका लक्षणावर कोणतेही निदान उभे करू नये.

महाराष्ट्रात दुसऱ्या अंगानेही विलंब होतो. बाहेरची बाधा समजून आधी देवऋषी, मग दर्गा, मग डॉक्टर, असा क्रम अनेक घरांत असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायद्याने मारहाण रोखता येते, पण घरच्यांना पटेल असे उत्तर कायदा देत नाही. ते डॉक्टरनेच द्यायचे असते. देवऋषी किमान उपहास करत नाही आणि काहीतरी कारण सांगतो, म्हणून तो लोकांना जवळचा वाटतो. मुलीच्या लग्नाची धास्तीही विलंब वाढवते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाच्या अटींच्या आड येणारा विकार मानला जाई; ती तरतूद १९९९ साली वगळली गेली, तरी भीती घराघरांत राहिली आणि झटके लपवण्याकडे कल राहिला. लपवलेल्या झटक्याचे वर्णन डॉक्टरपर्यंत पोचत नाही.

म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना सांगणे हे, की निदान झाल्यावर रुग्णाला फक्त मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. वीस मिनिटे काढून झटका खरा आहे आणि तो कसा होतो ते रुग्णाला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगा, नको त्या गोळ्या स्वतःच्या देखरेखीखाली कमी करा आणि पुढची तारीख द्या. घरच्यांना सांगणे हे, की झटका आला की मोबाइलवर टिपून घ्या, अंगाला लागेल अशा वस्तू बाजूला करा, तोंडात काही घालू नका, आणि झटका ओसरल्यावर माणसाला त्याचे काम करू द्या. जवळ मानसोपचाराची सोय नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.